सरजाबाईंचा नंबर

बसवंतनं दुर्बीण आपल्या चष्म्याच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवली आणि ऐटीत तिच्यावरचं फडकं उचललं.

"जय भीम, गुरुजी! बघा, नवरीवानी झाली का न्हाई?"

"शरणु, बसवंता," केरबा गुरुजींनी हसून त्याला त्याचा लिंगायती नमस्कार परत केला. मुरुडहून सकाळच्या एसटीनं ते लातूरला आले होते, ते खास या दुर्बिणीसाठी. शेजारी बाकावर त्यांच्या पत्नी, सरजाबाई. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले त्याला दोन वर्षं होत आली होती.

बसवंतची ऐट काही फुकटची नव्हती. लातूर जिल्हा झाला त्याला चार वर्षं झाली, आणि त्यातली तीन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नाही. गावोगावचा धुरळा या जुन्या दुर्बिणीत जाऊन बसला होता. आतलं एक भिंगही सरकलं होतं. तिच्या कंपनीनं हा नमुना काढायचं केव्हाच बंद केलेलं, सुटा स्क्रूदेखील मिळेना. शेवटी पठ्ठ्यानं घड्याळाचा स्क्रू घासून बसवला. तीन दिवस मोडले त्यात.

"इकडं द्या जरा," सरजाबाई म्हणाल्या.

दुर्बीण हातात आली तसा त्यांचा अंगठा उजव्या भिंगाच्या फिरत्या कड्यावर गेला. एकदा फिरला, पुन्हा फिरला. मग त्यांचा चेहरा उतरला.

"गुरुजी, ठिपका कुठं गेला माझा?"

"तो लाल डाग व्हय?" बसवंत उत्साहानं म्हणाला. "स्पिरिटनं काढला, मावशी. लई चिवट घाण होती. अन् कडं बी शून्यावर आणून ठेवलंय." दुकानातून कुठलीही वस्तू शून्यावरच बाहेर पडायची, ही त्याला बापाची शिस्त.

गुरुजींनी हळूच मान हलवली. "घाण नव्हती रे. पोरीच्या नेलपॉलिशचा थेंब होता तो. हिच्या डोळ्याला जिथं साफ दिसायचं, तिथं कडं फिरवून हिनं स्वतः लावला होता. मी हात लावला का भांडायची. अजूनबी रोज सकाळी ती दुर्बीण डोळ्याला लावती, अन् पाखरं कुठं काय करून राहिली ते मी सांगत बसतो. लोकं हसत्यात. हसंनात का!"

बसवंतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं घाईनं कपाटातली नवी दुर्बीण काढली. जिल्हा झाल्यापासून त्यांचंच पेव फुटलं होतं. तैवानची, प्लॅस्टिकची, वजनाला हलकी. नव्या साहेबांची पोरं क्रिकेटची मॅच बघायला न्यायची.

"मावशी, चुकलं माझं. ही घ्या, माझ्याकडून भेट. हिला काही फिरवायची कटकटच न्हाई."

सरजाबाईंनी ती सगळीकडून चाचपली.

"फिरवायचं न्हाई, तर मंग ही कोणाच्या डोळ्याची?"

"कोणाच्याबी."

"म्हणजे कोणाचीच न्हाई." त्यांनी ती अलगद परत केली. आवाजात राग नव्हता, म्हणून बसवंतला ते जास्त लागलं. "डोळे गेले, त्याचं मी रडून घेतलं बाबा. पर ही येवढी जागा माझी होती. तेवढीच राहिली होती."

गुरुजींनी पिशवी उचलली. "चल गं. पोरानं जीव वतून काम केलंय. चुकून झालं."

"थांबा गुरुजी! बसा, बसा खाली!"

बसवंत स्टुलावर चढला. फळीवर सगळ्यात वर त्याच्या बापाच्या, नागप्पाच्या, नंबरवह्या होत्या. ज्याचे डोळे तपासले त्याचा नंबर नागप्पा वहीत लिहून ठेवायचा आणि वही कधी टाकायचा नाही. 'चष्मा हरवला तर दुसरा करता येतो, नंबर हरवू नये,' म्हणायचा. दुकान नव्या जागेत आणताना बसवंतनं त्या वह्या रद्दीत घालायच्या म्हणून बांधल्याही होत्या. आळसानं तशाच राहिल्या, बरं झालं.

चौथ्या वहीत सापडलं. नागप्पाचं गिचमिड अक्षर: सरजाबाई केरबा, मुरुड. डावा मायनस दोन. उजवा मायनस साडेतीन.

"मावशी, दुर्बीण लावताना चष्मा असायचा का काढायच्या?"

"काढायची. चष्म्यावरनं कुठं धड बसती ती?"

"मंग दोन डोळ्यांत फरक दीडचा, अन् हे कडं त्या फरकासाठीच असतंय." बसवंतनं कडं शून्यावरून मागं सरकवलं आणि मायनस दीडवर आणलं. भिंगांची पार्सलं लाखेनं बंद केलेली यायची; त्यातलाच एक तुकडा त्यानं मेणबत्तीवर वितळवला आणि थेंब नेमका कड्याच्या सांध्यावर सोडला. फुंकर घालून गार केला.

सरजाबाईंचा अंगठा कड्यावरून फिरत आला आणि थेंबावर थांबला. बराच वेळ थांबला. गुरुजी उगाच टोपी काढून परत घालत बसले.

मग बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि तोंड रस्त्याकडं केलं. समोर चौकातला जुना हातपंप, बाईंनी डोळे असताना कैकदा बघितलेला; दोन महिन्यांपासून कोरडा, कुणी तिकडं फिरकत नव्हतं.

"आता कसं दिसतंय?" बसवंत बोलून गेला. दिवसातून पन्नास गिऱ्हाइकांना विचारायची सवय. तोंडातून निसटलं आणि त्यानं जीभ चावली.

सरजाबाईंनी दुर्बीण खाली घेतली नाही. मान किंचित तिरकी केली, कान देऊन.

"लख्ख," त्या म्हणाल्या. "त्या पंपाच्या दांड्यावर चिमणी बसलीया बघ."

बसवंतनं वळून बघितलं. दांड्यावर खरंच चिमणी होती.