जांभळा पट्टा

व्हर्जिल हॅस्किन्स पायवाटेवर थबकला. गळाची काठी त्यानं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि समोरच्या अक्रोडाकडे बघत राहिला. बुंध्यावर, त्याच्या छातीच्या उंचीला, वीतभर लांबीचा जांभळा पट्टा होता. ताजा. पुढच्या झाडावरही होता. त्याच्या पुढच्यावरही.

नव्या कायद्याची गोष्ट त्यानं न्हाव्याच्या दुकानात ऐकली होती. मिसूरी राज्यात आता जमिनीवर पाटी ठोकायला नको. झाडावर जांभळा पट्टा ओढला की पुरे. मालकाच्या परवानगीवाचून त्यापुढं पाऊल टाकलं तर गुन्हा. पाट्या तशाही टिकत नसत. हरणांच्या शिकारीचा मोसम आला की शिकारी पहिला बार पाटीवरच काढून बंदूक जोखून घेत.

ही वाट ओटिलिया बेक्स्टनच्या रानातून नदीच्या वळणावर जायची. तिथल्या खोल पाण्यात मोठमोठे शिंगाळे मासे होते. दर शुक्रवारी त्यातला एक साफ करून, कागदात गुंडाळून व्हर्जिल तिच्या मागच्या पायरीवर ठेवायचा आणि कुणी बघायच्या आत निघून जायचा.

आज तो मागं वळला, आणि आयुष्यात प्रथमच तिच्या पुढच्या दारावर टकटक केली.

दार लगेच उघडलं. ओटिलियाच्या हातात जपमाळ होती. ती तिनं एप्रनच्या खिशात सरकवली.

“झाडं रंगवलीत,” तो म्हणाला.

“जेराल्डचा हट्ट. उद्या कुणी रानात पाय मोडून घेतला तर आई, तुला कोर्टात उभं करतील, म्हणाला. रंगाचा डबा आणून देऊन गेला शहरात.”

“पोराचं बरोबर आहे.” व्हर्जिलनं टोपी काढून हातात धरली. “मी आपला पुलावरून गळ टाकीन. ती जागा कुणाची नाही.”

“पुलाखाली काय मिळतं?”

“बोटाएवढे. मांजरही तोंड फिरवील. तेच सांगायला आलो. आज शुक्रवार, तुमचे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, मांस चालत नाही, मासाच चालतो. मासा लहान असेल. काटे जपून काढा.”

ओटिलिया मग बाजूला झाली. “आत या. थंडी येते दारातून.”

टेबलावर दोन कप मांडलेले होते. तिनं कॉफी ओतली. “साखर नाही देणार. ईस्टरपर्यंत सोडलीय मी.”

“मीही नाही घेत,” व्हर्जिल म्हणाला आणि पहिल्याच घोटाला त्याचं तोंड वाकडं झालं.

“तुमच्या बाप्टिस्ट पंथात कुठं आलाय उपास? साखरेचा डबा आहे त्या फळीवर. घ्या.”

“नको, चांगली लागते.” त्यानं दुसरा घोट घेतला. “खरं सांगायचं तर पट्टा दिसलाच नाही असं सांगून आत शिरलो असतो. तांबडं-हिरवं मला सारखंच दिसतं. शपथेवर सांगता आलं असतं.”

“म्हणूनच तर जांभळा निवडला म्हणे. तो तुमच्यासारख्यांनाही दिसतो.” ती कपाकडे बघत म्हणाली. “शिवाय गेल्या ईस्टरला माझी जांभळी टोपी तुम्हाला रस्त्यापलीकडून दिसली होती. तुमची गाडी त्या सकाळी आमच्या चर्चसमोर दोनदा बंद पडली.”

“जुनी गाडी आहे.”

“हो. पण रविवारीच जुनी होते.”

व्हर्जिलचे कान लाल झाले. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. “रस्त्याकडची झाडं रंगवायची राहिली वाटतं. शिकारी तर तिकडूनच घुसतात. एकही पट्टा नाही त्या बाजूला.”

“रंग संपला,” ओटिलिया म्हणाली, आणि तिनं हळूच क्रूसाची खूण केली.

तो उठला. टोपी डोक्यावर ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, “कायदा सबंध ऐकलात का न्हाव्याकडून? परवानगीवाचून, असं आहे त्यात.”

“मग द्या परवानगी.”

“मागा ना.”

व्हर्जिलनं घसा साफ केला. “ओटिलियाबाई, तुमच्या रानातून नदीवर जाऊ का?”

“जा. आजच्यापुरतं.”

“आजच्यापुरतं? आणि पुढच्या शुक्रवारी?”

“पुढच्या शुक्रवारचं पुढच्या शुक्रवारी विचारा. कायदा म्हणजे कायदा.”

दुपार कलताना तो परतला. शिंगाळा मोठा मिळाला होता, नदीवरच साफ करून त्यानं तो कागदात गुंडाळला होता. सवयीनं पाय मागच्या पायरीकडेच वळले. मासा ठेवायच्या जागी रंगाचा डबा होता. रिकामा डबा म्हणून त्यानं तो बुटाच्या टोकानं ढकलला. डबा हलला नाही. वाकून त्यानं झाकण उचललं.

आत जांभळा रंग होता. काठापासून जेमतेम बोटभर कमी.

व्हर्जिलनं झाकण पुन्हा नीट दाबून बसवलं. मासा काखेत धरला, टोपी काढली, उरलेसुरले केस तळव्यानं सारखे केले, आणि घराला वळसा घालून तो पुढच्या दाराशी गेला.