बसऱ्याचा कोंबडा

"दिवाळीपर्यंत अमेरिका इराकमधून परत स्वतःच्या घरी. लावता पैज, चाचा?" दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, टीव्हीवर बगदाद पडल्याची बातमी बघत मी शेजारच्या अब्बासचाचांना डिवचलं.

"लावली. हरेल त्यानं मासळीबाजारात कोंबड्यासारखं आरवायचं."

चाचा तरुणपणी बसऱ्याच्या बंदरात क्रेन चालवायचे. म्हणाले, "तिथला माझा जोडीदार जब्बार. त्याच्या आज्यानं इंग्रज पाहिलेला. तोही 'तुम्हाला सोडवायला आलोय' म्हणत घुसला नि तेलाच्या वासानं दोन पिढ्या तिथंच राहिला. आता हे तरी कशाला निघतील? पण जब्बार अजून तिथंच आहे रे. अल्ला करो, मीच हरो."

दिवाळी आली. अमेरिका हलली नव्हती. जब्बारचा फोनही लागत नव्हता.

आरवायची मला कसली लाज! सुरमईच्या टोपलीशेजारी उकिडवा बसलो, हातांचे पंख फडफडवले आणि असा आरवलो, की कोळणींनी हसून पोटं धरली.

चाचा हसले नाहीत. डोळे मिटून म्हणाले, "जब्बार अस्साच आरवून मला पहाटेच्या पाळीला उठवायचा. परत आरव, बाबा. जरा मोठ्यानं."