पंख्याविना गार

मे महिन्याची भर दुपार होती. शाळेला सुट्टी लागल्यामुळे पर्वत पाटिया भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये शिक्षिका असलेल्या वसुधाबाई कॉम्प्युटरवर मोटारींची शर्यत खेळत बसल्या होत्या. त्यांच्या यजमानांनी, विनायकरावांनी, सहज कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं. ग्राफिक्स कार्डावरचा छोटा पंखा जळून कधीचाच थांबला होता.

"बंद कर आधी! पंखा नाही तर कार्ड दहा मिनिटांत भाजून निघेल."

"तास झाला खेळतेय. हात लावून बघा."

विनायकरावांनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. कार्ड बर्फासारखं गार होतं. नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी छताचा पंखा बंद केला. डब्यात कुणीतरी थांबून थांबून फुंकर घालत होतं.

त्यांनी भिंतीतली पिन उपटली. पडदा काळा झाला, पण फुंकर चालूच राहिली.

"चल, खाली चल," ते पुटपुटले.

"तुम्ही जा. माझ्या घरात मला कोण उठवतंय तेच बघते."

ते खरंच गेले. वसुधाबाईंनी पिन लावली आणि शर्यत पहिल्यापासून सुरू केली. तिसऱ्या वळणावर फुंकर त्यांच्या गुडघ्यावर आली, पुढे कोपरावर, मग मानेवर.

"फुंक हवं तेवढं," त्या म्हणाल्या. "मी उठणार नाही."

त्यांची गाडी पहिली आली.

तेव्हा मागे कुणीतरी पहिल्यांदाच श्वास आत घेतला. तो संपेचना. वसुधाबाईंच्या मानेवरचे मोकळे केस हळूहळू मागे ओढले जाऊ लागले.

मागे न बघता त्यांनी पुढची शर्यत सुरू केली.