कस्तूरीची मिनिटं

मृत्युंजय सरांनी लॅपटॉप उघडला तेव्हा बैठक संपली होती. पडद्यावर एकच चौकोन उरला होता. त्यात परदेशातल्या प्रयोगशाळेतली एक तरुण मुलगी सँडविच खात बसली होती. अजून पाच मिनिटं आहेत ना, असं सरांनी विचारलं. तिनं घास गिळला आणि अदबीनं सांगितलं की पेटी उघडून अर्धा तास होऊन गेला.

नव्यानं सापडलेल्या एका कणाचं आयुष्य मोजायचं काम सरांच्या गटाकडं होतं. पापणी लवेपर्यंत असे अब्जावधी कण एकामागून एक जन्मून संपतील, इतकं ते थोडं. ते मोजणारा माणूस सोलापुरात स्वतःच्या घरी बसून अर्धा तास उशिरा पोहोचला होता. निकाल सरांनीच मांडायचा होता. त्यासाठी त्यांनी नवा शर्टही घातला होता. मुलगी म्हणाली, आकडा छान आला, सगळे तुमची वाट बघत होते, शेवटी तुमची पानं मीच वाचून दाखवली. सरांनी तिचे आभार मानले आणि शर्टाचं वरचं बटण सोडलं.

पेटी म्हणजे खरी पेटी नव्हे. मोजणाऱ्याला एखादं उत्तर हवं असतं आणि त्याचा हात नकळत तिकडं कलतो. म्हणून संगणक खऱ्या उत्तरात एक गुप्त आकडा मिसळून ठेवतो. तो किती, हे कुणालाच सांगत नाही. सगळं मोजून, तपासून झालं की शेवटच्या दिवशी सर्वांसमोर तो वजा करतात. त्याला पेटी उघडणं म्हणतात.

सरांनी हे एकदा बायकोला समजावून सांगितलं होतं. कस्तूरीबाई चटणीसाठी शेंगदाणे भाजत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि झाऱ्यानं भिंतीकडं दाखवलं.

"अहो, म्हणजे हे आपलं घड्याळच की."

स्वयंपाकघरातलं घड्याळ कस्तूरीबाई लग्नापासून पुढं ठेवत. किती पुढं, ते सरांना कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सरांनी तेवढी मिनिटं वजा करून चहा घेतला असता आणि कॉलेजला उशीर केला असता. जगातल्या मोठ्या शास्त्रज्ञांनी डोकं खपवून काढलेली युक्ती त्यांच्या घरी गॅसच्या वर टांगलेली होती, आणि सरांना ती इतकी वर्षं दिसली नव्हती.

कस्तूरीबाई गेल्या. सरांनी घड्याळाला कुणाला हात लावू दिला नाही; घरातून निघणं, बसणं-उठणं सगळं त्याच्यावरच चालू ठेवलं. मोबाईल घेऊन ते स्वयंपाकघरात जात नसत. दोन्हीकडच्या वेळा शेजारी शेजारी दिसल्या असत्या तर तिचा आकडा कळला असता, आणि कळला की संपला असता. भौतिकशास्त्राचा प्राध्यापक स्वतःच्याच घरात खरे किती वाजले ते बघायला घाबरत होता. वर्गात त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. पोरं हसली असती, आणि त्यांचं बरोबर असतं.

आज मात्र ते मोबाईल घेऊन आत गेले. घड्याळ पुढं नव्हतं. चांगलं मागं पडलं होतं. सेकंदकाटा एका जागी थरथरत होता. महिनाभर कॉलेजला उशीर होत होता आणि सर सात रस्ता चौकातल्या सिग्नलला शिव्या देत होते, ते आता त्यांच्या लक्षात आलं. सेल संपत आला होता. तिची मिनिटं एकेक करून गळून गेली होती.

संध्याकाळी उत्कर्षा बँकेतून आली तेव्हा तिचे वडील घड्याळ मांडीवर घेऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले होते. तिनं बैठकीचं विचारलं. सरांनी झालं ते सांगितलं. मग म्हणाले, तिकडच्या आकड्याचं काही नाही, तो संगणकात होता, निघाला. हिचा कुठून काढू? आता कितीही पुढं लावलं तरी ती मिनिटं माझी असणार.

उत्कर्षानं पर्स ओट्यावर ठेवली.

"अप्पा, तुम्ही एवढी आयुष्यं मोजता. सेल किती दिवस चालतो, हो?"

सरांनी तिच्याकडं बघितलं. कस्तूरीबाईंना जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. एवढ्या दिवसांत कधी हा हिशोब त्यांच्या मनात आला नव्हता.

"तुम्ही कॉलेजला गेलात की मी बदलते," ती म्हणाली. "या खेपेला ऑडिटच्या नादात राहून गेलं. चुकलंच माझं."

सर घड्याळाच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिले. म्हणजे ती मिनिटं कधीचीच तिची नव्हती, असं काहीतरी ते पुटपुटले.

"तिचीच आहेत. दवाखान्यात असताना आकडा मला सांगून ठेवलाय तिनं. अप्पांना सांगायचा नाही म्हणाली."

तिनं ड्रॉवरमधून नवा सेल काढला आणि घड्याळासाठी हात पुढं केला. सरांनी ते दिलं. मग कुणी न सांगता उठले आणि फ्रिजकडं तोंड करून उभे राहिले. मागं घड्याळाची टिकटिक सुरू झाली.

"खिशात मोबाईल आहे तुमच्या," उत्कर्षा म्हणाली.

सरांनी तो काढला आणि पडदा खाली करून, मागं न बघता, तिच्या हातात दिला.