मासा नावेत येईपर्यंत

सॅमन गळाला लागला आणि येफीमच्या हातातली काठी वाकून पाण्याला टेकली.

"वल्हव, थांबू नकोस," तो दबक्या आवाजात जावयाला म्हणाला. "दोरी सैल पडली की गेलाच म्हणून समज."

"माशाला कानही असतात का हो, बाबा? इतकं हळू बोलताय ते?" वादिम म्हणाला. शहरातला माणूस. सकाळपासून त्याच्या तोंडाला खळ नव्हता.

"कान नसतील, जावईबापू. पण बडबड्याच्या नावेत तो येत नाही. आता चूप."

वादिम चूप झाला. ओनेगा सरोवराच्या या काठावर सॅमन लागला की तो नावेत येईपर्यंत कुणी ब्र काढत नाही. ज्याच्या हातात काठी, तो एकटा बोलतो. येफीमला हे त्याच्या आजोबाने सांगितलं होतं, आणि सकाळी नावेत बसवताना त्याने ते सहा वर्षांच्या नातीला, उस्त्याला सांगितलं होतं. तिने मान डोलावली होती.

उद्या येफीमच्या बायकोला, मार्फाला, जाऊन वर्ष होत होतं. तिच्या माहेरची माणसं जेवायला येणार होती. वर्षाच्या ताटात कणकेच्या पारीत भाजलेला अख्खा मासा लागतो, आणि तो बाजारातून आणायचा नसतो, घरच्या माणसांनी धरायचा असतो. पहाटेपासून हाताला दोन ट्राउट लागले होते, दोन्ही वीतभर. भर उन्हाळ्यात मोठा मासा खोल जाऊन बसतो. आता हा वर आला होता.

नाव पुढे जात होती आणि मासा मागे होता. येफीम मागच्या फळीवर, मागे तोंड करून बसलेला. वल्हवणाऱ्या वादिमचंही तोंड मागे. लेक इन्ना हातजाळी घेऊन डाव्या कडेवरून वाकलेली. पुढच्या टोकाला उस्त्या होती. तिच्याकडे तिघांचीही पाठ होती.

नाव एकदा डुलली. "वाकू नकोस इतकी," येफीम इन्नाला म्हणाला. तिने मान हलवली.

मासा पाण्यावर आला. रुंद, चांदीसारखा, पाठीवर काळे ठिपके. येफीमने त्याला नजरेने मापलं. पुरेल, सगळ्यांना पुरेल. अजून चार हात दोरी.

माशाच्या उजवीकडे पाण्यात काहीतरी नारिंगी तरंगत होतं. कुणाच्या तरी जाळ्याचा बोया असेल, असं त्याला वाटलं.

बोयाला डोळे होते.

उस्त्या लाइफ जॅकेटमध्ये हनुवटीपर्यंत बुडाली होती. केस कपाळाला चिकटले होते. हात पाण्यावर पसरून ती त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि तिने ओठ घट्ट मिटून धरले होते. वादिम वल्हं मारत होता. प्रत्येक वल्ह्याला ती लांब जात होती.

येफीमने काठी सोडून दिली.

"अहो बाबा, काठी!" वादिम ओरडला. मग त्यालाही दिसलं. त्याने वल्ही उलटी मारली, एक वल्हं आकड्यातून निसटलं, नाव आडवी झाली. इन्ना पोटावर आडवी पडली, तिने जॅकेटची गळपट्टी धरली आणि पोरीला कडेवरून आत ओढलं. दोघी नावेच्या तळात कोसळल्या.

"अगं, हाक का नाही मारलीस?" इन्ना तिला गदागदा हलवत होती. "आम्ही इथंच होतो गं! हाक मारायची ना!"

उस्त्याचे दात वाजत होते. ती आईकडे बघेना. ती आजोबाकडे बघत होती, बोलू का, असं विचारल्यासारखी.

येफीमने कशीबशी मान डोलावली.

"मासा अजून नावेत कुठं आला होता?" ती म्हणाली.

वादिमने आपला सदरा काढला आणि तो हातात धरून बसून राहिला. शेवटी इन्नाने तो त्याच्या हातातून ओढून घेतला आणि पोरीला त्यात गुंडाळलं.

"उस्त्या," येफीम म्हणाला, "आता ओरड."

"इथं?"

"इथंच. जोरात."

तिने तोंड उघडलं. मांजराच्या पिलाएवढा आवाज निघाला आणि तिने घाबरून पाण्याकडे बघितलं.

"असं नव्हे गं."

मग येफीम स्वतःच ओरडला. त्यात शब्द नव्हता. त्या पाण्यावर त्याने जन्मात आवाज चढवला नव्हता. खडकावरचे पाणपक्षी एकदम उडाले. बेटापाशी दोन नावा होत्या, त्यातली माणसं वल्ही धरून थबकली. वादिम हसला, क्षणभरच. म्हातारा थांबत नव्हता. दम संपला की छाती भरून घेत होता आणि पुन्हा ओरडत होता.

"बाबा," इन्ना म्हणाली. "बाबा, पुरे हो. ती आहे. ही बघा, आहे."

उस्त्या सदऱ्यातून बाहेर आली, गुडघ्यांवर रांगत त्याच्यापर्यंत गेली आणि तिने आपला गार, ओला तळवा त्याच्या तोंडावर ठेवला.