बिनतोंडाचा पाहुणा

खोक्यातून बाहेर आलेला प्राणी सुमेधाताईंच्या पायाशी बसून टकामका बघू लागला. अंग मांजराचं, शेपटी खारीची. अगदी त्यांनी गेल्या आठवड्यात काढलेल्या चित्रासारखा. त्या रोज फेसबुकवर रानातल्या गमतीजमती टाकायच्या. या चित्राखाली त्यांनी लिहिलं होतं, "चहा न मागणारा पाहुणा." लोक पोट धरून हसले, लाखावर लाइक्स मिळाले आणि लाख लाइक्सचं चित्र जिवंत करायचं, या नियमाप्रमाणे सरकारी प्रयोगशाळेने ते जिवंत करून घरपोच पाठवलं.

"दूध पाजलंत का?" पशुवैद्य परबांनी फोनवर विचारलं.

"कसं पाजू? त्याला तोंडच नाहीये हो! तोच तर विनोद होता."

परबांनी उपाय सुचवला. "मग चित्रात तोंड रेखाटून ते पुन्हा टाका. लाख लाइक्स झाले, की प्रयोगशाळावाले तोंड बसवून देतील. त्याशिवाय ते हात लावत नाहीत."

ताईंनी घाईघाईने तोंड रेखाटलं, चित्र टाकलं. प्राणी मांडीवर चढला. त्याचं पोट खपाटीला गेलं होतं.

दुपारपर्यंत सतरा लाइक्स झाले. खाली एकच कमेंट होती, "ताई, आधीचंच भारी होतं. यात हसायचं काय?"