आरसा ठेव

“वाकायचं नाही. दाढेची मागची बाजू आरशात बघायची,” मी केतकीला सांगितलं. ती दवाखान्यात दात साफ करायच्या कामाला नुकतीच लागली होती. तेच काम मी एकोणीस वर्षं वाकून केलं. आता माझ्या गळ्यात मानेचा पट्टा होता आणि महिनाअखेरीस मला घरी बसायचं होतं.

केतकी पाठ ताठ ठेवून बसली. पेशंटच्या तोंडात छोटा आरसा धरून, उलट्या दिसणाऱ्या दातांशी झटत राहिली. एका पेशंटला पाऊण तास लागला.

डॉक्टरांनी दार ढकललं. “बाहेर सात जण बसलेत, बाई. हिला जमत नसेल तर दुसरी बघू.”

केतकीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

“आरसा ठेव,” मी हळूच म्हणाले. “वाक जरा. डावा खांदा वर घे. असं लवकर होतं.”

पुढचा पेशंट वीस मिनिटांत उठला. डॉक्टर खूश झाले. केतकी माझ्याकडे बघून हसली आणि हसता हसता तिने मान चोळली.

मला दुसरीकडे बघायचं होतं. पट्ट्यामुळे मान वळली नाही.